किरकोळ

अकरा वर्षं मी प्राध्यापक संघाचा खजिनदार.
कारण एवढंच, की मी संख्याशास्त्र शिकवतो
आणि निवडीच्या सभेला उशिरा पोचलो होतो.

पगारातून दरमहा शंभर रुपये कापायला
सत्तेचाळीस जणांनी सही दिली.
अठ्ठेचाळिसावे होनप सर. ते म्हणाले,
दान करायचं तर माझं मी करीन, पावतीशिवाय.
करतात की नाही, कुणाला माहीत नाही.
पावतीच नाही ना.

वहीत रकाने आखले:
शिक्षण, औषधपाणी, आपत्ती,
आणि कडेला, उरलंसुरलं टाकायला,
किरकोळ.

बाकीच्यांचे फोटो आहेत.
रास्ता पेठेतल्या रात्रशाळेला बाकं दिली तेव्हाचा बघा,
फ्लेक्सवर संघाचं नाव बाकांपेक्षा लांब.
मुख्याध्यापिका गव्हाणकर बाईंनी चेक घेतला, नारळ दिला,
आणि जिना उतरताना हळूच म्हणाल्या,
"सर, बाकं झाली. गुरुवारी गणिताला कोणी येईल का?"
पुढच्या सभेत मी विषय मांडला.
सगळ्यांनी डायऱ्या उघडल्या.
गुरुवार प्रत्येकाचाच भरलेला निघाला, माझासुद्धा.
त्याऐवजी पंखा मंजूर झाला. एकमतानं.

आंबिल ओढा घरांत शिरला त्या सप्टेंबरात
आपत्तीचा रकाना एका रात्रीत संपला.
दांडेकर पुलाजवळ आम्ही चटया वाटल्या, पातेली वाटली.
एका बाईनं पातेलं उलटं करून
बुडावर टिचकी मारून पाहिली, जाड आहे ना म्हणून.
आमच्यातल्या कुणाला तरी ते खटकलं.
मला नाही. तुळशीबागेत मीही तसंच घेतो.

किरकोळ मात्र कुणी वाचत नाही.
त्यात ससूनपर्यंतचं रिक्षाभाडं आहे, चार वेळचं,
शिपाई चांदगुडेंच्या मुलीचा चष्मा,
एकदा नुसतंच "पेढे", कशाचे ते आता आठवत नाही.
आणि जमेच्या बाजूला, दर महिन्याला, वीस रुपये:
भालसिंग मॅडम.

तासिका तत्त्वावर. सात वर्षं.
घटनेप्रमाणे त्या सभासद होऊ शकत नाहीत,
म्हणून त्यांचे पैसे वर्गणीत धरता येत नाहीत.
पहिल्या तारखेला, मानधन झालेलं असो नसो,
नोटेची घडी माझ्या टेबलाच्या काचेखाली सरकवलेली असे.

एका वर्षी तासांची मंजुरीच आली नाही.
मागचं मानधनही कुठल्याशा टेबलावर झोपलं.
त्यांनी अर्ज केला नाही.
मला दिसलं ते इतकंच,
की मधल्या सुट्टीत सगळे डबे उघडायला लागले
की त्यांना ग्रंथालयात काम निघायचं.

सभेत विचारलं. घटना उघडली गेली.
सभासद नाहीत, म्हणून सभासद-कल्याणात बसत नाहीत.
कॉलेजात शिकवतात, म्हणून समाजात बसत नाहीत.
कलम सात आणि कलम नऊ यांच्या मधल्या फटीत
एक बाई शांतपणे पेपर तपासत होती.
चहा आला. विषय पुढच्या सभेवर गेला.

त्या संध्याकाळी मी लिहिलं: किरकोळ, आठ हजार.
पाकीट त्यांच्या हजेरीपटात ठेवलं.
दुसऱ्या दिवशी त्या काही बोलल्या नाहीत, मीही नाही.
पाकीट परत आलं नाही.
त्याचा मला झालेला आनंद
कुठल्या रकान्यात मांडायचा, ते मात्र कळेना.

पहिल्या तारखेला काचेखाली वीस रुपये होते.

आता निवृत्ती. वही टिळेकरांकडे सोपवतोय.
ऑडिटर दुगडांनी त्या आठ हजारांपुढे
हिरव्या शाईनं प्रश्नचिन्ह काढलंय,
देखणं, खालच्या टिंबासकट.
टिळेकर विचारतात, याचं काय करू?
म्हटलं, राहू द्या. शोभतंय.

माझा गुरुवार आता रिकामा.
काल रात्रशाळेत फोन लावला.
गव्हाणकर बाई कधीच निवृत्त झाल्या.
नव्या मुख्याध्यापकांनी सगळं ऐकून घेतलं, बरं म्हणाले,
आणि मग जरा थांबून,
"या ना, जरूर या.
पण येताना, तुमच्या ओळखीत कोणी
पंखा दुरुस्त करणारा आहे का?"